बारा एकरांच्या मधला काळा पट्टा

खडवलीला आमच्या पाड्यावर कोणालाही विचारा, भातकापणीत माझ्या सासूबाईंचा, शीलाबाईंचा, हात धरणारं कोणी नाही. त्यांना स्वतःला हे सांगायला गेलात तर त्या म्हणतील, "त्यात काय, हात चालतो तो चालतो." पण मी डोळ्यांनी बघितलंय. लग्नानंतरच्या पहिल्याच कापणीला मी डोंबिवलीहून मोठ्या हौसेने गेले आणि विळा घेऊन शेतात उतरले. अर्ध्या तासात माझी कंबर धरली आणि करंगळी कापली गेली. तोवर आई शेताच्या पलीकडच्या टोकाला पोचून, वळून, माझ्याच दिशेने येत होत्या. वाकलेल्याच. सकाळी एकदा वाकल्या की त्या जेवायलाच सरळ होत. मी त्यांना विचारलं, "आई, मान वर करून बघत तरी जा, किती राहिलंय ते." तर म्हणाल्या, "बगितलं की जास्त वाटतं."

मला रागच आला होता त्यांचा. माणसाने इतकं सोसू नये, असं माझं मत आहे आणि ते मी बोलूनही दाखवते. आमच्यात खटके उडतात ते याच्यावरूनच.

त्यातला सगळ्यात मोठा खटका म्हणजे काळी साळ. आमच्या घरात हे भात कधीपासून आहे कोणाला माहीत नाही. वरचं टरफल काळंभोर, आतला दाणा तांबडा, उतारा अगदीच बेताचा. बाजारात कोणी विचारत नाही. आईंना त्यांच्या सासूने ते दिलं आणि आई दरवर्षी गुंठाभर जागेत ते लावतात. तेही बांधाच्या कडेला नाही, बरोबर शेताच्या मधोमध. शेजारच्या शेतातलं भात त्यात मिसळायला नको म्हणून बियाण्याचा तुकडा मध्ये ठेवायचा, ही पाड्यावरची जुनी रीत. बाकीच्या घरांनी कधीच सोडून दिली. सगळे पिशवीतलं बियाणं आणतात. मी म्हणायचे, "आई, कशाला हा उपद्व्याप? दुकानात मिळतं की." त्या बियाणं निवडत राहायच्या. माझी मुलगी झाली तेव्हा मात्र दीड महिना मला रोज त्या तांदळाची पेज पाजली, तीही समोर बसून, वाटी रिकामी होईपर्यंत. त्यानंतर मी दुकानाचं नाव काढलं नाही.

गेल्या चैत्रात पाड्यावर एक मोठी गोष्ट झाली. नऊ घरांनी मिळून आपापले बांध काढून टाकले. तरुण पोरं सगळी भिवंडीच्या गोडाऊनमध्ये कामाला, कापणीला माणूस मिळेना, आणि कापणीचं मोठं मशीन आणायचं तर त्याला छोट्या छोट्या तुकड्यांत वळता येत नाही. त्यामुळे भातसा नदीकडचं बारा एकर एकसलग झालं. माझ्या नवऱ्याने, संदेशने, यात पुढाकार घेतलेला, त्यामुळे आईंना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "माझा तुकडा?" तो आता बारा एकरांच्या मध्ये आला होता. ठरलं असं, की काळी साळ तिथेच लावायची आणि मशीन यायच्या आदल्या दिवशी आईंनी ती हाताने कापून घ्यायची. मशीनच्या पोटात एकदा गेली की सगळं भात एकत्र. मग बियाणं कुठून काढणार? आणि पाड्यावर, आजूबाजूच्या गावांत, दुसऱ्या कोणाकडेही ते भात उरलेलं नाही.

मशीन गुरुवारी यायचं होतं. आलं बुधवारी. परतीच्या पावसाचा अंदाज होता, म्हणून मुरबाडकडचं काम आटपून त्यांनी मशीन थेट आमच्याकडेच आणलं. मी आणि संदेश मंगळवारी रात्री कळल्याबरोबर डोंबिवलीहून निघालो आणि सकाळी सात वाजता मी आणि आई शेताच्या कडेला उभ्या होतो.

मोठ्या ट्रेलरवरून ते खाली उतरलं तेव्हा बायका दोन पावलं मागेच सरकल्या. आमच्या घराहून उंच. पुढे रुंद जबडा, त्यावर फिरणारी भलीमोठी फिरकी, मागे पेंढा बाहेर टाकायची जागा, बाजूला धान्य ओतायचा लांब नळ, आणि वर काचेच्या खोलीत चालवणारा कमलेश. भंडाऱ्याकडचा, तिशीतला, बोलण्यात सारखं 'जी'. दव वाळल्याशिवाय मशीन घालता येत नाही म्हणून तो दहा वाजेपर्यंत थांबला.

"मी कडेकडेनं गोल फिरत आत येतो जी," त्याने सांगितलं. "मधात पोचायला चार तरी वाजतील."

"मग झालं तर," चार काठ्यांना चिंध्या बांधून खूण केलेला आपला तुकडा त्याला दाखवत आई म्हणाल्या. "चारपरेंत माझं कापून, बांधून, घरी जाईल."

गुंठाभर कापणी म्हणजे आईंना दोन तासांचं काम. त्यांनी कमरेला पदर खोचला, विळा घेतला आणि म्हणाल्या, "पयलं एवढं चालू झालेलं बगते नि जाते."

आणि मशीन चालू झालं.

मी शाळेत शिकवते, मला शब्दांची कमी नाही. पण ते बघताना माझी वाचा बसली. फिरकी उभ्या भाताला आपल्याकडे ओढून घेत होती, खाली कापलं जात होतं, आणि मागे नुसते खुंट. मध्ये काय झालं ते दिसतच नव्हतं. ना भारे, ना बांधणं, ना डोक्यावरून वाहणं, ना खळ्यावर झोडणं. महिनाभराचं काम आत कुठेतरी होत होतं आणि नळातून धो धो दाणे ट्रॉलीत पडत होते. आईंनी ट्रॉलीत हात घातला, ओंजळभर दाणे वर काढले, फुंकर मारली. कोंडा उडालाच नाही. "अगं, पाखडलेलं हाय हे!" त्या ओरडल्या. "पाखडून देतंय!"

एक फेरी झाली. दुसरी झाली. आई मशीनच्या मागे चालत होत्या, विळा तसाच हातात. मी म्हटलं, "आई, तुमचा तुकडा." म्हणाल्या, "जाते गं, धा मिनिटं." अकरा वाजता परत म्हटलं. बारा वाजता जरा आवाज चढवून म्हटलं. त्या मान हलवायच्या आणि पुढे. खुंटांमधून अनवाणी चालत, तोंड उघडं, पदर सुटलेला. लहान मुलं रस्त्यात बुलडोझर बघतात ना, तशा. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला हसू यायला लागलं. पंचेचाळीस वर्षं ज्या बाईने मान वर केली नाही, ती आज खाली बघत नव्हती.

जेवणानंतर कमलेश म्हणाला, "माय, वर येता का जी? बसा ना बाजूले." आईंनी माझ्याकडे बघितलं, संदेशकडे बघितलं. मग विळा माझ्या हातात दिला आणि साडी सावरत लोखंडी पायऱ्या चढल्या. "एकच फेरी," मला सांगितलं. "मग उतरून कापते."

मी फोन काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागले. काचेमागे आई ताठ बसलेल्या, दोन्ही हात मांडीवर. एक फेरी झाली. त्या उतरल्या नाहीत. मीही हाक मारली नाही. खरं सांगायचं तर मी विसरलेच. इतक्या उंचावर, इतक्या सरळ बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यावरून माझी नजर हटेना.

पावणेचारला सगळं शेत रिकामं झालं. काळ्या साळीसकट.

आई खाली उतरल्या त्या थेट शेवटच्या ट्रॉलीपाशी गेल्या, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठ उघडली. पिवळ्या दाण्यांत मधूनमधून काळे. कमलेशच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "माय बाजूलेच होती जी, काही बोलली नाही. मले वाटलं, आता मशीननंच काढायचं ठरलं."

"तुझी काय चूक नाय बाबा," आई म्हणाल्या.

पण मी कसली गप्प बसते! चार लोकांसमोर तोंड सोडलं. दहा वेळा सांगितलं, अकराला सांगितलं, बाराला सांगितलं, एवढी जपलेली गोष्ट आणि एका दिवसात घालवलीत. आई ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "रुचिता, ती ट्रॉली येगळी ओत." बस.

त्या संध्याकाळी पाऊस आला तो असा की उभं भात असतं तर आडवं झालं असतं. नऊ घरांचं धान्य सुखरूप पत्र्याच्या शेडमध्ये होतं. सगळे मशीनचं नाव घेत होते आणि आई शेडच्या कोपऱ्यात त्या ढिगापुढे सूप घेऊन बसल्या होत्या. काळे दाणे वेचत. एकेक.

मी तो ढीग बघितला. जवळजवळ टनभर भात. त्यात गुंठ्याचं काळं. मी म्हटलं, "आई, हे होणार नाही." त्या म्हणाल्या, "सगळं कुठं पायजे? माझ्या सासूनं मला मूठभरच दिलेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची देवयानी आपलं सूप घेऊन आली. ढिगापाशी बसली. मग तिची जाऊ. दुपारपर्यंत शेडमध्ये अकरा बायका होत्या. मशीनने कापणी नेली, झोडणी नेली, पाखडणी नेली, आणि सणासारखं एकत्र बसायचं ते पण नेलं असं वाटत होतं. तर या सगळ्या पुन्हा मांडीला मांडी लावून बसलेल्या. मी शाळेत चार दिवसांची रजा टाकली. माझ्याच्याने पहिल्या तासात एक वाटीसुद्धा भरली नाही. आईंची बोटं मात्र ढिगावरून नुसती फिरायची आणि काळा दाणा आपणहून बोटांत आल्यासारखा यायचा. मी थक्क होऊन बघत राहिले. आदल्या दिवशी मशीनकडे बघत होते ना, अगदी तशीच.

कोणीतरी शंका काढली, की मशीनचा मार खाल्लेला दाणा रुजेल का? आईंनी वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवले. त्यानंतर चार दिवस बोलणं-हसणं सगळं चाललं होतं, पण प्रत्येकीचं मन घरातल्या त्या कोनाड्यात. आई तर दिवसातून दहादा फडक्यावर पाणी शिंपडून यायच्या आणि सोडून मात्र बघायच्या नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी आईंनी फडकं शेडमध्ये आणून सोडलं. अकरा डोकी वाकली. पांढरे, टाचणीएवढे कोंब. एक, दोन, पाच, अकरा. सतरा! विसातले सतरा. देवयानीने चक्क टाळ्या वाजवल्या. मी रडले, आणि मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही, म्हणून पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आले. वेचलेलं काळं भात तोवर दोन शेरांवर गेलं होतं.

परत आले तर बायका म्हणाल्या, "तो शीलावयनींचा व्हिडिओ दाखव गं, काचेतला." मी आधी स्वतः बघायला म्हणून कोपऱ्यात जाऊन फोन उघडला. त्यात मशीन वळताना दिसत होतं. पुढे जुन्या साडीच्या चिंध्या बांधलेल्या चार काठ्या, मध्ये काळा पट्टा. आणि काचेमागे आई. कुठे दुसरीकडे बघत नव्हत्या. सरळ त्या पट्ट्याकडेच बघत होत्या. हात उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत मांडीवर ठेवला. मग फिरकी पट्ट्यात शिरली.

मी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसले. हळूच विचारलं, "आई, तुम्हाला दिसला होता?"

त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. वेचता वेचताच म्हणाल्या, "दिसला गं. वरनं सगळं दिसतं. नदीपरेंत. एवढं सगळं मी वाकून कापलंय, मला ठावं नव्हतं. मध्ये काळा तुकडा, एवढासा. छान दिसत होता." सुपातला एक काळा दाणा उचलून बाजूला टाकला. "थांब म्हणायचं होतं. पण थांब म्हटलं असतं तर उतरायला लागलं असतं. उतरलं की वाकायला लागतं. तोंडच उघडलं नाय बग."

माझं त्या दिवशीचं बोलणं, चार लोकांसमोरचं, एकदम सगळं आठवलं. पलीकडून देवयानी ओरडली, "अगं, दाखवतेस ना?"

"डिलीट झाला," मी म्हटलं आणि फोन बंद करून ठेवला.

आईंच्या मांडीवरचं सूप मी माझ्याकडे ओढलं. त्या म्हणाल्या, "तुझ्यानं नाय व्हायचं, दे इकडं."

"होईल तेवढं होईल," मी म्हटलं. "तुम्ही त्या भिंतीला टेकून सरळ बसा बघू."