आधी पाणी प्यायचं

कुठल्याही जागेवर पोचलो की मोकल मॅडम पहिल्यांदा जवळचं घर गाठून पाणी मागत. गाडीत बाटल्यांचा खोका असला तरी. तोवर आम्ही उन्हात अवजारं उतरवत मनातल्या मनात वैतागायचो.

आमचं ऑफिस सोहारला. परदेशी सैन्य सरावासाठी ओमानमध्ये येणार असलं की तळ पडण्याआधी तिथली माती आणि पाणी तपासायचं, तळ उठल्यावर पुन्हा तपासायचं, हे आमचं काम. मॅडम मूळच्या पेणच्या. बोलायला फटकळ, डब्यात मात्र सगळ्यांना पुरेल इतकी सुकटीची चटणी. "ज्याचं पाणी प्यालो, त्याच्या अंगणात घाण करायला जीव धजत नाही," असं त्या म्हणत. "यल्ला, चला, आता खोदा."

डोंगराकडच्या एका जागेला लागून सालिम नावाच्या म्हाताऱ्याची विहीर होती. त्याच्या शेळ्या आणि खजुराची झाडं तिच्यावरच जगत. तळाच्या नकाशात इंधनाच्या टाक्या आणि कचरा जाळायचा खड्डा नेमका विहिरीच्या वरच्या अंगाला दाखवला होता. मॅडमनी दोन्ही उताराखाली हलवायला सांगितलं. तळवाल्यांना रस्ता लांब पडत होता. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, म्हणून आमच्या साहेबांनी मॅडमना समजावून पाहिलं.

"चार महिने त्यांचे," मॅडम म्हणाल्या. "सालिमबाबा कुठे जाणार? या नकाशावर मी सही करणार नाही."

सही साहेबांनी केली. मॅडम नोकरी सोडून पेणला गेल्या. निरोपाचा केक त्यांनी खाल्ला नाही. तो राग होता असं ऑफिसात आजही सांगतात, पण त्यांना केक मुळातच आवडत नसे.

तळ उठल्यावर तपासणीला मी गेलो. खड्ड्याच्या जागी वाळू छान सपाट केलेली होती. मॅडमनी लावलेल्या सवयीने मी सालिमबाबाकडे पाणी मागितलं. तो आत गेला आणि दुकानातली सीलबंद बाटली घेऊन आला. विहिरीवर पत्रा टाकून वर दगड ठेवले होते.

"मॅडम को मत बोलना," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

तळ उठल्याचं मॅडमना कुणीतरी कळवलं असावं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. ऊन, तब्येत, ऑफिस, काही विचारलं नाही.

"सावंत, पाणी प्यालास?"

"हो मॅडम. बाटलीतलं."

त्या "खलास" म्हणाल्या आणि फोन ठेवला.