राहूची गाडी आणि तिसरा तास

थोरात बाईंना मी प्रथम पाहिलं ते यवतच्या एसटी थांब्यावर. मराठीचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला मी गाडीतून उतरलो, तेव्हा एक बाई कंडक्टरला राहू गावाच्या गाडीची वेळ विचारत होत्या. शाळेत गेल्यावर कळलं, त्याच आमच्या मुख्याध्यापिका. "गाड्या माहीत नसताना वेळापत्रक कसं करायचं?" त्या म्हणाल्या.

बाईंच्या साठीनिमित्त लिहायला सांगितलं गेलं, तेव्हा मला शंका आली. ज्यांच्याशी एका बाबतीत अजून पटलेलं नाही, त्यांचा गौरवलेख मी लिहावा का? बाईंनाच विचारलं. "मग तेच लिहा," त्या म्हणाल्या.

बाब अशी. आमच्या खाजगी शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित शिकवावं, अशी सणसवाडीच्या कारखान्यांत नोकरीला असलेल्या काही पालकांची मागणी आली. शिकवणार अर्थातच बाई, कारण वरच्या वर्गांचं गणित त्याच शिकवत. मी विरोध केला. आठवीची निम्मी मुलं अपूर्णांकात अडकलेली असताना शाळेनं कॉलेजचं काम का करावं? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमची काळजी खरी आहे. पण पुढचं दिसणाऱ्याला थांबवलं, म्हणून मागचा पुढे येतो का?"

संस्थेचे अध्यक्ष आप्पा खूष होते. "शाळा सुटल्यावर घ्या बाई. पालक गाड्या घिऊन येत्यात, चार लोक बघत्यात." त्याच आठवड्यात राहूहून अकरावीतल्या सारिकाचे वडील आले. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता शेती. "बाई, पोरीला त्या तासाला बसायचंय. पर शाळा सुटली की लगीच आमची गाडी. ती गेली की दुसरी न्हाई. पोरगी यायची कशी?"

बाईंनी आप्पांना सांगितलं, "हा वर्ग तिसऱ्या तासाला होईल. नाहीतर मी घेणार नाही."

"आवो, एका पोरीपायी?"

"आप्पा, राहूच्या गाडीत ती एकटी नसते."

आप्पा हसले. "बाई, तुमी एसटीत नोकरी धरायची व्हती!" पण वर्ग तिसऱ्या तासालाच सुरू झाला. त्याच आठवड्यापासून आठवीचे अपूर्णांक बाईंनी स्वतःकडे घेतले. मला ते वेळापत्रक पाहूनच कळलं.

माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी माझे तासही त्यांनीच घेतले. परतल्यावर मुलांची तक्रार आली, "सर, बाईंनी कविता शिकवली आन् शेवटी इचारलं, उत्तर काय आलं?"

सारिका आता पुण्यात गणित शिकते. "सर, पहिल्या वर्षाचं निम्मं ओळखीचं निघालं," असं ती सांगून गेली. दोन मुलांनी मात्र तो वर्ग मध्येच सोडला, हेही लिहायला हवं. शाळेनं हे करावं का, याविषयी माझं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. पण करायचंच तर कोणाच्या सोयीनं, हे मी बाईंकडून शिकलो.

यंदा राहूच्या गाडीची वेळ बदलली. नवं वेळापत्रक करण्याआधी बाई पुन्हा थांब्यावर जाऊन आल्या. त्यांचे पाय असेच चालते राहोत, आणि आमचा हा वाद संपवण्याची घाई कोणालाच करावी लागू नये, एवढं निरोगी, दीर्घ आयुष्य त्यांना लाभो.