जवसाच्या तेलाची बाटली

आमच्या इमारतीतल्या लोकांना बरीच वर्षं वाटत होतं, की माझे सासरे क्रिकेटच्या बॅटी बनवतात. गॅलरीत मांडी घालून बसलेला म्हातारा माणूस, मांडीवर लांबोडकं लाकूड, आणि तासन् तास ते तळहातानं चोळणं चाललेलं. दुसरं काय वाटणार? मीही कुणाची समजूत बदलायला गेले नाही. बंदुकीचं नाव काढलं असतं तर निम्म्या बायका हळदीकुंकवाला आल्या नसत्या.

मामंजी बंदुकीचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, करतात. ठासणीच्या बंदुकीचे. नळीच्या तोंडातून दारू भरायची, लांब गजानं ठासायची आणि मग घोडा पाडायचा, ही ती जुनी तऱ्हा. शेतकऱ्याला पीक राखायचा परवाना मिळतो, त्यावर अशी बंदूक घेता येते. नुसता बार काढला तरी रानडुकरं पळतात. नळी, घोडा, चाप हे सगळं जुन्या नाशकात रंगनाथशेठच्या दुकानात राहतं. परवाना त्यांचा, आणि कायद्यानं त्यातलं काही दुकानाबाहेर आणता येत नाही. आमच्या घरी येतं ते फक्त लाकूड.

मामंजींचं नाव झुंबर. मूळचे सायखेड्याचे सुतार. वडील नांगर-पाभर करायचे. ट्रॅक्टर आले, नांगराला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा अठरा वर्षांचे मामंजी रंगनाथशेठच्या वडिलांकडे कामाला लागले. तेव्हापासून एकच काम. शिसवाचा ओंडका निवडायचा, रंध्यानं, पटाशीनं आणि कानशीनं त्यातून दस्ता काढायचा, आणि मग तेल. पूर्वी वर्षाला दहा-बारा व्हायचे, आता दोन वर्षांतून एखादा. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

तेलाचं त्यांचं शास्त्र मोठं होतं. जवसाचं तेल मंद आचेवर उकळायचं, कापडानं गाळायचं, औषधाच्या तपकिरी बाटलीत भरून दोन दिवस उन्हात ठेवायचं. मग दोन थेंब तळहातावर घ्यायचे आणि लाकूड गरम होईपर्यंत चोळायचे. रोज एक हात, असे एकवीस हात. दोन हातांच्या मध्ये वाळू द्यायचं. वाळलं की लाकडावर जी चमक येते ती वार्निशची नसते. आतून आल्यासारखी वाटते. "वार्निश म्हंजी अंगावर घातलेला कोट," ते म्हणायचे, "आन तेल म्हंजी अंगातलं रक्त."

माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई. त्यांचं काम नवरात्रातला अखंड दिवा. लग्न होऊन आल्यापासून घटस्थापनेला लावलेला दिवा दसऱ्यापर्यंत त्यांनी कधी विझू दिला नाही. करोनात दोघंही एकाच दवाखान्यात होते. सासूबाई आल्या नाहीत. मामंजी आले, पण वास घ्यायची शक्ती तिथंच ठेवून. अजून त्यांना भाजी करपलेली कळत नाही.

सासूबाईंच्या मागे दिवा माझ्याकडे आला. देवाच्या बाबतीत मी पहिल्यापासून नियमाची. पण खरं सांगायचं तर दिव्यात माझा थोडा तोराही होता. मागच्या वर्षी तिसऱ्या माळेला समोरच्या लताबाई कुंकवाला आल्या, दिव्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई होत्या तोवर ठीक हो. आताच्या बायकांना कुठं जमतंय नऊ दिवस जागं राहणं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सत्तेचाळीस वर्षांत दिवा विझलेला नाही, लताबाई. आणि माझ्या हातून तर नाहीच विझणार."

तेच तोंड मला नडलं.

सातव्या माळेला दुपारी दोन वाजता दिव्याकडे लक्ष गेलं तर ज्योत खाली बसलेली. तिळाच्या तेलाची बाटली पाहिली, रिकामी. सकाळी आणायचं मी विसरले होते. तूप नैवेद्याला संपलेलं. खालचं दुकान एक ते चार बंद. घरात तेल होतं, पण ते सकाळी साबुदाण्याचे वडे तळून उरलेलं. तळणीचं तेल देवापुढे कसं लावणार? लताबाईंकडे वाटीभर तेल मागायला दोन पावलं गेलेही. दारापासून परत आले.

मामंजी जेवून आडवे झाले होते. गॅलरीत त्यांच्या लाकडाशेजारी ती तपकिरी बाटली होती.

जवसाचं तेल स्वच्छ असतं, कशाला न लागलेलं. देवाला चालेल असं मी मनाशी म्हटलं आणि अर्धी बाटली समईत ओतली. दिवा वाचला. पण धूर इतका झाला की देव्हाऱ्यावरच्या भिंतीला काजळी धरली. मामंजी उठायच्या आत ती मी ओल्या फडक्यानं पुसून काढली. घरभर जवसाचा वास कोंदला होता. दुसरा कुणी सुतार असता तर झोपेतून उठला असता. हे उठणार नाहीत, हे मला माहीत होतं.

अर्धी बाटली मात्र त्यांना दिसली असती. मी कढईतलं वड्याचं तेल गाळलं. रंग थेट तसाच, लालसर पिवळा. देवाला जे चालत नव्हतं ते मी मामंजींच्या बाटलीत भरलं, बूच लावलं आणि होती तशी ठेवून दिली.

त्या वेळी मांडीवर होता तो दस्ता वणीजवळच्या गोटीराम नावाच्या शेतकऱ्याचा. परवान्याचे कागद आधीच झाले होते. खंडेनवमीला नवी बंदूक पूजेत ठेवायची, असं त्यानं घरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. एकोणीस हात झाले होते. दोन राहिले होते, एक त्या संध्याकाळचा आणि एक अष्टमीचा.

संध्याकाळी चोळता चोळता मामंजी म्हणाले, "सूनबाई, आज तेल घसरतंय गं. धरीत नाय."

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "हवा पावसाळी आहे मामंजी."

"आसंल," ते म्हणाले. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला त्यांनी.

नवमीला सकाळी दस्ता चिकट होता. बोट ठेवलं की ठसा उठायचा. त्यांनी कोरड्या कापडानं पुसून पाहिला, उन्हात धरला, परत पुसला. काही होईना. मग स्वतःच्या तळहाताकडे बघत बसले. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, "हाताची गरमी गेली बघ माझ्या. तेल वाळाया हाताची गरमी लागती."

मी सांगायला तोंड उघडलं आणि "चहा ठेवू का?" असं विचारलं.

दुकानात मीच त्यांना रिक्षानं घेऊन गेले. गोटीराम गावाहून नवं धोतर नेसून आला होता, हातात हार. त्यानं दस्त्यावर हात फिरवला आणि बोटं धोतराला पुसली. मामंजींना दुकानात सगळे नानाच म्हणतात.

"नाना, हे काय? माशी बसली तर उठायची नाय यावरून!"

शेठ हसले. मामंजी नाही हसले. "चूक माझी हाय, गोटीराम. हात गेला माझा."

"मंग आधीच सांगायचं व्हतं! घरी पाटावर काय ठेवू मी आता, खुरपं? वय झालं नाना, आता देवाचं नाव घ्या."

शेठही मऊ आवाजात म्हणाले, "बस करा आता, नाना. खूप केलंत."

मी स्टुलावर बसून पदराच्या टोकाला पीळ देत होते. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. रिक्षात मामंजी दस्ता मांडीवर घेऊन बसले होते, पण त्याच्यावर हात ठेवत नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी खंडेनवमीची हत्यारं मांडली. रंधा, पटाश्या, कानशी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. दसऱ्याला ती परत कामाला लागायची. या वेळी त्यांनी एकेक हत्यार पुसून जुन्या धोतरात बांधलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सायखेड्याच्या सावळीरामाला फोन लाव. म्हणावं येऊन घेऊन जा. गंजण्यापरीस तुझ्या कामी येतील."

सावळीराम त्यांचा पुतण्या. रविवारी येतो म्हणाला.

दसऱ्यापर्यंत दिवा तेवत राहिला. लताबाई येऊन म्हणाल्या, "मानलं हो तुम्हाला." मला त्या दिव्याकडे बघवत नव्हतं. देवीपुढे हात जोडले की डोळे आपोआप खाली जायचे. माफ कर म्हणायलाही जीभ रेटेना, कारण माफी जिथं मागायची ते माणूस गॅलरीत रिकाम्या हातांनी बसलं होतं. कधी नव्हे ते दुपारी टीव्ही बघायला लागले होते ते. दोनदा मला म्हणाले, "आत्याबाई व्हती तवर हात चांगला व्हता." मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायचे, ते ऐकून तेही बायकोला आत्याबाईच म्हणायचे.

रविवारी सकाळी दहाला सावळीराम निघाल्याचा फोन आला. मी गॅस बंद केला, गॅलरीत गेले आणि खाली बसले.

"मामंजी, तुमचा हात गेलेला नाही. बाटलीत मी तळणीचं तेल घातलं होतं. तुमचं तेल मी दिव्यात ओतलं."

ते माझ्याकडे वळले.

"कसल्या तळणीचं?"

"साबुदाण्याच्या वड्यांचं."

"मिरची व्हती का त्यात?"

"होती."

त्यांनी तळहात वर करून पाहिले. "म्हनून दोन दिवस आग व्हत व्हती. मला वाटलं वयानं."

मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही, रडू दिलं. मग म्हणाले, "तेल घसरतंय म्हनलो तवा तू काय म्हनलीस?"

"हवा पावसाळी आहे."

"हां." एवढंच. मारल्यासारखं लागलं मला ते 'हां'.

सावळीराम आला, चहा पिऊन रिकाम्या हातांनी गेला. जाताना म्हणाला, "काका, तिकिटाचे पैसे तरी द्या की!" मामंजी म्हणाले, "सूनबाईकडून घे." ते हसले नव्हते, पण मला थोडा श्वास आला.

दुपारी त्यांनी धोतराची गाठ सोडली. टर्पेंटाइनची बाटली, कापसाचे बोळे आणि तो दस्ता माझ्यापुढे ठेवला. "पूस. पार लाकूड लागंपर्यंत." मी तीन दिवस पुसत होते. बोटांची सालं निघाली. ते शेजारी बसून फक्त दाखवायचे, इथं राहिलंय, तिथं राहिलंय. लाकूड कोरडं, फिकट झालं तेव्हा त्यांनी अंगठा फिरवला आणि नवं तेल उकळायला लावलं. परत पहिल्यापासून एकवीस हात.

"आन एक," ते म्हणाले, "मला सांगितलंस, बरं केलंस. पर मी चार माणसांत म्हनलोय हात गेला म्हनून. ते चार माणसांत तूच मागं फिरवायचं."

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही परत दुकानात गेलो. दस्त्यात आता खिडकीचा उजेड दिसत होता. गोटीरामनं हात लावायच्या आधीच मी उभी राहिले. शेठ, दुकानातले दोन कामगार आणि गोटीराम यांच्यासमोर, सातव्या माळेपासून सगळं सांगितलं. मिरचीसुद्धा सांगितली. लताबाईंपुढे मिरवलेला तोराही सांगितला.

शेठ हसायला लागले. "अहो ताई, एवढंच? वडे तरी चांगले झाले होते ना?" कामगारही हसले. रागावले असते तर सोसलं असतं मी.

गोटीराम हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "लय बोललो मी नानांना त्या दिवशी. देवाचं नाव घ्या म्हनलो." तो वाकून मामंजींच्या पाया पडला. मामंजींनी त्याला उठवलं आणि दस्ता त्याच्या हातात दिला.

"बघ, माशी बसती का."

गोटीराम मान खाली घालून लाकडावरून हात फिरवत राहिला. मीही खालीच बघत होते. त्या दुकानात त्या दिवशी मान वर असलेलं माणूस एकटे मामंजी.

या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ते एकटेच बाजारात गेले. पाच किलोचा तिळाच्या तेलाचा डबा रिक्षातून उतरवून त्यांनी देव्हाऱ्याखाली सरकवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मग गॅलरीतून तपकिरी बाटली आणून त्यांनी ती डब्याशेजारीच ठेवली, माझ्या हाताला येईल अशी.

"हितंच ठेवतो," म्हणाले. "लागलं तर माग."

मी हो म्हटलं. त्यांच्याकडे बघून म्हणायचं होतं, पण डब्याच्या झाकणाकडे बघत म्हटलं.