गावाने बोलणं बंद केलं तेव्हा

माझी नणंद नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली, तेव्हा तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मारामुळे कानाचा पडदा फाटला होता. तिचं सासर आमच्याच गावात, दोन आळ्या पलीकडे. माझ्या नवऱ्याने एवढंच म्हटलं, "आता ती इथंच राहील," आणि तो होडीवर निघून गेला.

आमचं गाव अलिबाग-मुरूड रस्त्यालगतचं, मच्छीमारांचं. माझं माहेर उरणकडचं, मिठागरात राबणाऱ्यांचं, त्यामुळे इथल्या गावकीची ताकद मला लग्नानंतरच कळली. गावकी म्हणजे कर्त्या पुरुषांची बैठक. नणंदेच्या सासऱ्यांचा तिथे शब्द चालायचा. एका रविवारी देवळासमोर बैठक बसली आणि माझ्या नवऱ्याला विचारलं गेलं, बहिणीला परत कधी धाडतोस?

तो म्हणाला, "मला काय विचारता? तिला विचारा."

बायकांना बैठकीत बोलवायची पद्धत नव्हती. तिला कोणी विचारलं नाही. आमचं घर वाळीत टाकलं.

कागद नाही, नोटीस नाही. दुसऱ्या दिवशी होडीवर खलाशी आले नाहीत. दुकानदार म्हणाला, साखर संपली, आणि त्याच्या मागे गोणी उघडी दिसत होती. नळावर मी कळशी लावली की बायका बोलायच्या थांबत. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. भांडण झालं असतं तर निदान ओरडता तरी आलं असतं.

सासूबाई हायवेच्या कडेला मासळी विकायच्या. त्यांच्या शेजारी त्यांची मैत्रीण बसायची. दोघींचं पाट्या शेजारी-शेजारी लावून उभं आयुष्य गेलेलं, एकीचं गिऱ्हाईक दुसरी सांभाळायची. त्या आठवड्यात मैत्रिणीने आपली पाटी उचलून पार टोकाला नेली. सासूबाई घरी आल्या आणि न जेवता झोपल्या.

नणंदेला नवऱ्याविरुद्ध अर्ज करायचा होता, म्हणून मी तिला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेले. तिथे फुकट कायदेशीर मदतीची खोली असते, बाईला तिथे वकील मिळतो, हे मला अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये कळलं होतं. आम्हाला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारताना कोणी पाहिलंय? शेजारी साक्ष देतील?"

नणंद म्हणाली, "शेजारी आमच्याशी बोलत न्हायत."

"का बोलत नाहीत?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ही गोष्ट कोर्टात सांगण्यासारखी आहे, असं आमच्या डोक्यातच नव्हतं. नवऱ्याने मारणं गुन्हा, हे ठाऊक होतं. पण गावाने पाठ फिरवली, तर त्याची तक्रार कोणाकडे करायची? ऊन लागलं म्हणून तक्रार केल्यासारखं वाटायचं ते. शेवटी मी सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, याच्यासाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. पोलिसांकडे जा, नाहीतर थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येते."

एसटी स्टँडवर बसून मी तो कायदा मोबाइलवर उघडला आणि नणंदेच्या उजव्या बाजूला बसून मोठ्याने वाचू लागले. बहिष्कार कशाकशाला म्हणायचं, हे त्यात एकेक करून दिलंय. काम द्यायचं थांबवणं, वस्तू न देणं, लग्न-मयताला येऊ न देणं, संबंध तोडायला लावणं. ती मध्येच म्हणाली, "आमच्या घरात बसून लिवलाय काय कुणी?" आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

घरी मात्र सासूबाई भडकल्या. माझ्यावरच. "पोलीस येतील नि जातील. उद्या मी मेले तर खांदा कोण देईल? तुझा मोबाईल?"

मी तोंड उघडायच्या आत नणंदच म्हणाली, "आये, आज तू जिती हायेस तरी कोण येतंय?"

पोलीस ठाण्यातल्या साहेबांना कायदा माहीत होता. तरी त्यांनी विचारलं, "बघा, तुम्हाला राहायचंय गावातच. मिटवून घेता का?" नणंद म्हणाली, मिटवायलासुद्धा कोणी बोलायला पाहिजे ना साहेब. त्यांनी तक्रार लिहून घेतली. तक्रारदार म्हणून सही तिची.

दोन-तीन दिवसांनी साहेब एका महिला पोलिसाला घेऊन चौकशीला आले. घरोघर एकच उत्तर. "न्हाय ओ साहेब, कुठं काय? सगळे गुण्यागोविंदानं ऱ्हातात." दुकानदाराने तर माझ्यासमोर साखरेची पुडी बांधून दाखवली. तक्रार फुसकी ठरणार, हे मला दिसत होतं. शेवटी ते मासळीवाल्या बायकांकडे गेले. मी मागे उभी होते. एकीने मान हलवली, दुसरीने हलवली. टोकाला बसलेल्या सासूबाईंच्या मैत्रिणीला साहेबांनी विचारलं, "या घराला वाळीत टाकलंय का हो मावशी?"

तिने हातातला कोयता खाली ठेवला.

"व्हय. टाकलाय. मीच बोलत न्हाय तिच्याशी. माझ्या पोरानं बैठकीत हात वर केला, म्हून मी पाटी उचलली. लिवा."

"नाव घालू?"

"घाला. खोटं काय हाय त्यात?"

सासूबाई समोरच होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघितलं. मैत्रीण मात्र तिथेच बसून राहिली, पुन्हा बोंबील निवडत. त्या दिवशीही दोघी बोलल्या नाहीत.

तिच्या जबाबानंतर आणखी दोघे पुढे आले, त्यातला एक आमचा जुना खलाशी. गुन्हा नोंदला गेला, गावकीच्या पंचांना कोर्टाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि मग त्यांच्याकडून तडजोडीचा निरोप आला. तक्रारदार तयार असेल तर कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते, असं वकीलबाईंनी समजावलं. माझ्या नवऱ्याला ती नको होती. पण तक्रार नणंदेची होती. ती म्हणाली, "मला त्यांना तुरुंगात नको घालायला. जिथं ठरवलं तिथंच सांगा, माईकवरून. नि मला पुढं बसवा."

देवळासमोर माईक लागला. नणंद पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. पंचांपैकी एकाने घाईघाईने वाचून दाखवलं की कोणावर बहिष्कार नाही आणि नव्हता. "नव्हता" या शब्दावर माझा नवरा उठायला लागला, मी त्याचा शर्ट धरला. नणंद म्हणाली, "राहू दे. 'नाही' म्हणाले ना, बस."

होडीवर माणसं आली, सगळी नाही. मैत्रिणीने पाटी जुन्या जागी आणली आणि पहिलं वाक्य बोलली ते पापलेटच्या भावाबद्दल. काही घरं अजून बोलत नाहीत, आणि माणसाला बोलायला लावणारा कायदा नसतो, हेही मला पटलंय. नणंदेची नवऱ्याविरुद्धची केस चालूच आहे. ती काशीदला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला जाते.

सासूबाईंनी मला पोलिसात गेल्याबद्दल कधी बरं म्हटलं नाही. गेल्या वर्षी एकदा बाजारातून येताना मात्र त्या एका परक्या गावच्या बाईला बरोबर घेऊन आल्या. तिला माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "हिचा पण तसाच झालाय. कुठं जायचं ते सांग हिला."