घडी घातलेला खेकडा

कुस्तियाह सुरबायाहून माहेरी परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक संगणक होता आणि एक मांजर. मांजरावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास बसला. संगणकावर नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यावरही नाही.

आमच्या लासेम गावच्या अंगणात आम्ही बायका कापडावर मेणाने बातिकची नक्षी लिहितो. नवी नक्षी कुणाला सबंध दाखवत नाही. गिऱ्हाईक आलं की घडी घालून कोपरा पुढे करायचा. मन बसलं असं वाटलं, तरच उलगडायचं. कुस्तियाहची आई जन्मभर हेच करत गेली. लेकीने मात्र आमच्या कापडांचं दुकान इंटरनेटवर मांडलं; कापड भिंतीला टांगून सबंध फोटो काढायची, आणि आईच्या खोलीचं दार लोटून पडद्यासमोर बसायची.

"काय चाललंय गं आत?"

"कापतेय, म्बाह." इथे सगळ्या आज्या म्बाहच.

"आणि कात्री कुठाय?"

नुसती हसायची. उत्तराच्या जागी हसणारं माणूस मला खटकतं.

मग एक दिवस शेजारची मार्फुआह, पोरांची बुलिक म्हणजे मावशी, समारांगच्या बाजारातून छापील कापड घेऊन आली. ओट्यावर पसरलं. माझे खेकडे! लाल जमीन माझी, नांग्या माझ्या. खालच्या काठाशी माझ्या हातून मेण गळलं होतं, त्या थेंबाला डोळा काढून मी माशाचं पिल्लू केलं होतं. छापणाऱ्याने ते पिल्लूसुद्धा इमानदारीने छापलेलं.

"हिच्या दुकानाच्या पानावर तर दोनच खेकडे दिसतात," मार्फुआह म्हणाली. "पिल्लू आहे सबंध फोटोत. आणि सबंध फोटो कुणाकडे, ते मी सांगायला नको. उद्यापासून हिला कुणी कापड देऊ नका. आईच्या खोलीतही नको ही. जाऊ दे परत सुरबायाला."

"मी कुणालाही दिला नाही, बुलिक!" कुस्तियाहचा आवाज चिरकला. तिला परत जायला सुरबायात काही उरलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "दुकानाच्या पानावर कोपराच ठेवलाय. या, बघा."

बघितलं. कोपराच होता. माझं समाधान होईना.

"मग तिथून हाच कोपरा उचल आणि माझ्या फोनवर पाठव. माझ्यासमोर."

तिने चित्रावर बोट दाबलं, उतरवून घेतलं, पाठवलं. माझा फोन किणकिणला. उघडते तर सबंध कापड. पिल्लासकट.

"बघितलंत?" मार्फुआहने टाळी वाजवली.

पण मी कुस्तियाहकडे बघत होते. पकडलेला चोर आधी दाराकडे बघतो. ही पडद्याकडेच बघत होती. पुन्हा उतरवलं, पुन्हा सबंध. मग मटकन खाली बसली.

"म्बाह, मी कापलंच नव्हतं. पानाला फक्त सांगितलं होतं, एवढं दाखव, बाकीचं झाक. बाकीचं मागे तसंच राहिलं. कुणीही उचलावं."

"म्हणजे घडी घातलीस."

"आईसारखी."

"तुझी आई घडी हातात धरून बसायची, बाई. तू उंबऱ्यावर ठेवून आत गेलीस."

ती डोळे पुसून उठली. पडद्यावर दोन खेकड्यांभोवती चौकट ओढली आणि तेवढ्याचाच नवा फोटो काढला. "आता याच्या मागे काही नाही."

"पाठव."

दोन खेकडे आले. मी फोन उलटा करून मागूनही बघितला. मार्फुआहला हसू फुटलं, आणि हसल्याबद्दल तिचा तिलाच राग आला.

"फोनच्या पाठीत काय शोधताय, म्बाह?"

"तुझा विश्वास बसेल असं काहीतरी."

जुनी चित्रं कुस्तियाहने त्याच दुपारी पानावरून काढून टाकली. प्रत्येक नवा तुकडा आधी माझ्या फोनवर, मगच पानावर. मार्फुआह दोन दिवस फुगून होती, मग स्वतःच कापड घेऊन आली, पण फोटो निघेपर्यंत दारातून हलली नाही. समारांगच्या चोराचं कुणी काही वाकडं करू शकलं नाही. खेकडे गेले ते गेलेच.

परवा माझं नवं कापड झालं. कोळंबीचं. घडी कुस्तियाहच्या हातात दिली.

"फोटोसाठी कोपराच टांगू ना, म्बाह?"

"सबंध टांग," म्हटलं, आणि मांजराला मांडीवर घेऊन तिच्या खुर्चीला लागून बसले. "मी काही इथून हलत नाही."