हेडमास्तरणीचा बिनलोण्याचा बटाटा

ताटात काही टाकलेलं दिसलं, की हेडमास्तरीण कॅन्टीनच्या खिडकीतून अर्धी बाहेर यायची. बाटल्यांच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं जेवण रांधलं, रोज दुपारी अडीचशे माणसांचं, आणि त्या अडीचशेतल्या एकालाही आपली आवडनिवड सांगू दिली नाही. हेडमास्तरीण हे नाव अर्थात कामगारांनीच ठेवलेलं. कुणी चाचरत म्हणालं, "बाई, मला लोणी सोसत नाही," की ती त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळायची आणि विचारायची, "का रे, आईचं दूध सोसलं होतं ना?" मागची रांग हसायची. तो बिचारा मुकाट्यानं लोणी खायचा.

एका फोरमनला मशरूम चालत नसत. हिनं ते इतके बारीक चिरले की शोधून सापडू नयेत, रश्श्यात घातले, आणि वर "नाहीत रे त्यात, खा," असं तोंड वर करून सांगितलं. तो दिवसभर यंत्रापाशी अंग खाजवत उभा राहिला. "ढेकूण चावले असतील," ही भांडी घासणारणीला म्हणाली, आणि दोघी पोट धरधरून हसल्या. बाई दुष्ट नव्हती हो. कुणी आजारी पडलं तर स्वतः डबा घेऊन त्याच्या घरी जायची. पण आपल्याला कळतं तेवढंच जगात असतं, असं एकदा माणसाच्या डोक्यात बसलं की त्याच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग देवानं तिला नातू दिला, आणि त्याला दूध, अंडं आणि गहू तिन्ही वर्ज्य.

सुनेनं चांगलं चार वेळा समजावलं होतं, डॉक्टरांचा कागदही दाखवला होता. हिनं तो चष्मा न लावताच वाचला. "फॅडं आहेत सगळी. आमची पोरं माती खाऊन वाढली," म्हणाली. पोरगा चार वर्षांचा असताना सून बाजारात गेली, तेवढ्यात हिनं दूध-लोणी घालून घोटलेला बटाटा त्याला भरवला. एकच घास. "एका घासानं काय होतंय?" असं त्यालाच विचारत भरवला. मुलाचे ओठ सुजले, मग निळे पडले, श्वासाची शिट्टी वाजायला लागली. तिचा लेक त्याला छातीशी धरून तीन मजले उतरत धावला. पोरगं वाचलं. दवाखान्याच्या बाकावर सून आवाज न चढवता म्हणाली, "आई, यापुढे त्याला तुमच्या हातचं काही नाही."

हेडमास्तरणीनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच.

तीन वर्षं गेली. नवरा आधीच गेलेला, नोकरी संपलेली, दोन खोल्यांत ही एकटी. ते तिघं महिन्यातून एकदा यायचे, तासभर बसायचे, पोराला पाणीसुद्धा घरच्या बाटलीतलं. अडीचशे तोंडांना घालणाऱ्या बाईला एका तोंडात घास घालायची बंदी. ती चारचौघांत म्हणायची, "मला काय, उलट सुटले." घरी मात्र ती स्वतःपुरतंही धड रांधेनाशी झाली.

यंदा पोरानंच आईपाशी हट्ट धरला. वर्गातली सगळी मुलं सुट्टीत आजीकडे राहायला जातात, मग मी का नाही? सुनेनं चार दिवस विचार केला आणि फोन केला. "आई, रविवारी संध्याकाळी जेवायला येतो. त्याचंसुद्धा तुम्हीच करा. नीट पार पडलं, तर सुट्टीत आठ दिवस ठेवते त्याला."

म्हणजे परीक्षा. तीही हेडमास्तरणीची. फोन ठेवल्याबरोबर बाईनं कॅलेंडरवरच्या रविवाराभोवती गोल काढला, पण तोंडानं ती म्हणाली, "मोठी आली परीक्षा घेणारी."

बेत ठरला भाजलेला बटाटा आणि सॉसेज. आता सॉसेज घ्यायचं तर खाटकाकडे जायला हवं. तो तिचा जुना, कॅन्टीनला माल पुरवणारा.

"यात काय काय घालतोस?" तिनं विचारलं.

"मांस, मीठ, मसाला. एकदम शुद्ध."

"आणि?"

"बांधायला थोडा पावाचा चुरा. सगळेच घालतात."

"आणि?"

"दुधाची पावडर. किंचित."

"मग शुद्ध कशाला म्हणतोस रे मेल्या?" तिनं नुसतं मांस निवडलं आणि म्हणाली, "हे बारीक करून दे. पण आधी यंत्र उघड आणि धू. माझ्यासमोर."

"बाई, तुम्हीसुद्धा? अहो, हे श्रीमंतांचे चोचले."

"माझ्या नातवाचे निळे पडलेले ओठ बघितलेस का तू? नाही ना? मग धू यंत्र."

खाटकानं धुतलं. हिनं प्रत्येक पातं उजेडात धरून पाहिलं आणि एक परत धुवायला लावलं. मागे गिऱ्हाईक तिष्ठत होतं, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी दोन दिवस ओव्हन घासणं चाललं होतं. जुने लाकडी चमचे गेले, चरे पडलेली भाजी चिरायची फळी गेली, ज्या ट्रेवर वीस वर्षं लोण्याचे थर चढले तो ट्रेही गेला. शेजारीण दारात उभी राहून बघत होती. "एवढं काय त्यात? आमच्या वेळी होत्या का असल्या अ‍ॅलर्ज्या? माती खाऊन वाढलो आपण," ती म्हणाली. उचलली जीभ लावली टाळ्याला. हेडमास्तरीण इतकी भडकली की तिनं घासणी आपटली आणि शेजारणीला दारातून चालती केली. दार लावून घासणी उचलताना मात्र तिच्या ध्यानात आलं. शेजारणीचं वाक्य शब्दन् शब्द तिचंच होतं. इतकं मूर्खासारखं ऐकू येतं ते, हे तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी तिनं एका मापाचे बटाटे निवडले, ब्रशनं घासले, कोरडे केले, काट्यानं टोचले. हातानं तेल चोळलं, जाडं मीठ लावलं आणि तासभर ओव्हनच्या जाळीवर ठेवले, म्हणजे साल कुरकुरीत आणि आत पिठूळ. मांसात मिरपूड, लसूण, बडीशेप घातली. पावाच्या चुऱ्याऐवजी उकडलेला बटाटा कुस्करून मळला, आणि तळहातांवर एकसारखी सॉसेज वळून नव्या ट्रेमध्ये भाजायला लावली. कांदा तेलात मंद परतून तपकिरी केला, पाणी घातलं, मैद्याऐवजी मक्याच्या पिठानं दाट केलं. झाला नातवाचा रस्सा. इथवर बाईला शंभरपैकी शंभर.

पण सुंभ जळला तरी पीळ जातो होय? लेकाला लहानपणापासून क्रीमचा सॉस आवडतो, म्हणून तिनं दुसऱ्या शेगडीवर तोही केला. कुणी मागितला नव्हता. पण बिनलोण्याचं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण, हे मनातून कुठलं जायला? निदान एक भांडं तरी तिला तिच्या पद्धतीचं हवं होतं.

तिघं आले. सून थेट स्वयंपाकघरात शिरली. हेडमास्तरणीनं तेलाची बाटली, मक्याच्या पिठाचा पुडा, मसाल्यांचे डबे ओळीनं मांडून ठेवले होते. सुनेनं एकेक उचलून बारीक अक्षरं वाचली. क्रीमच्या भांड्याशी थांबली.

"हे तुझ्या नवऱ्यासाठी. लांब ठेवलंय, चमचा वेगळा," हेडमास्तरीण म्हणाली.

सुनेनं मान डोलावली. सॉसेज कशी केली ते विचारलं, खाटकाचं यंत्र धुवायला लावल्याचं ऐकून हसली. सासूच्या घरात सून हसली याला तीन वर्षं झाली होती. "आई, एवढं सगळं मीसुद्धा करत नाही," ती म्हणाली. "पाठवते त्याला आठ दिवस."

ती बाहेर गेली आणि हेडमास्तरीण हवेतच चालू लागली. नातू रात्री कुठं झोपेल, सकाळी त्याला काय द्यायचं, सगळं एका क्षणात ठरलं. अशा वेळी माणसाचं डोकं जागेवर नसतं, हात मात्र आपलं काम करतात. एप्रनच्या खिशात तिचा चवीचा चमचा असायचा, एकतीस वर्षांची सवय. या भांड्यात बुडव, चाख, एप्रनला पूस, त्या भांड्यात बुडव. अडीचशे माणसांच्या स्वयंपाकात दर भांड्याला नवा चमचा कोण घेतो? तिनं क्रीम चाखलं. चमचा पुसला. कांद्याचा रस्सा चाखला. मीठ बरोबर होतं. नातवाच्या ताटलीत बटाटा फोडून ठेवला, दोन सॉसेज ठेवली, वरून रस्सा ओतला आणि ताटली त्याच्यापुढे नेऊन ठेवली.

दारात उभं राहून ती बघू लागली. नातवानं काटा उचलला. तिनं सहज ओठांवरून जीभ फिरवली, आणि कांद्याबरोबर क्रीमची चव लागली.

"एका थेंबानं काय होतंय?" हे वाक्य आतून आपसूक वर आलं. मेलं अजून जिवंत होतं.

तिनं झेप घेतली आणि ताटली ओढली. तिघंही बघत राहिले.

"मीठ," ती म्हणाली, "मीठ जरा जास्त..."

कसलं सोपं होतं. आत जायचं, रस्सा ओतून द्यायचा, ओव्हनमधला कोरा बटाटा आणायचा. पोराला धोका नाही, सुनेला पत्ता नाही, आठ दिवस पदरात. तोंड वर करून खोटं बोलण्यात बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या फोरमनला विचारा. पण आठ दिवस म्हणजे किती भांडी, आणि हे हात. ज्या हातांना आपण काय केलं हे दोन मिनिटांनी कळतं, त्यांच्या हवाली पोर करायचं? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि इथं मरणार होता तो दुसराच कुणीतरी.

"मीठ नाही," हेडमास्तरीण म्हणाली. "क्रीमचा चमचा मी त्याच्या रश्श्यात बुडवला. लक्षातच आलं नाही माझ्या."

लेकानं डोळे मिटले. सुनेनं आधी मुलाचं तोंड पाहिलं, काटा पाहिला. "खाल्लंस?" त्यानं मान हलवली, नाही.

"नको पाठवूस सुट्टीत," हेडमास्तरीण सुनेला म्हणाली. आवाज तोच, कॅन्टीनच्या खिडकीतला, फक्त रांगेत आता ती स्वतःच उभी होती. "शिकवून येत नाही अशी बाई आहे मी. एवढं घासलं, एवढं धुतलं, आणि शेवटी हात तो हातच. मी असते तुझ्या जागी तर नसतं पाठवलं."

मग सून उठली, आत गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. ती बाहेर आली तेव्हा धुतलेल्या ताटलीत ओव्हनमधला कोरा बटाटा आणि ट्रेमधली दोन सॉसेज होती. तिनं ती मुलापुढे ठेवली. तो लगेच तुटून पडला. रस्सा नसल्याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं.

"आजी, सालपण खाऊ?" त्यानं विचारलं.

हेडमास्तरणीनं सुनेकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी पाहिलं नसतं.

"खा," सून म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली आणि आपल्या बटाट्यात काटा घालत सासूला म्हणाली, "सुट्टीत येईल तो. मीपण रजा काढते. आठ दिवस इथंच राहते."

"म्हणजे माझ्यावर पहारा?"

"हो."

हेडमास्तरणीनं एप्रनच्या खिशातला चवीचा चमचा काढून सुनेपुढे ठेवला. मग एप्रन सोडून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बरं," ती म्हणाली.