कोडसकट विकलेलं पहिलं सॉफ्टवेअर
लवंगेच्या तेलाचा वास आला की लोकांना दाढ आठवते, मला आमची पहिली विक्री आठवते. दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या वर दातांचा दवाखाना होता. खालून सूत्रं घोकणाऱ्या पोरांचा आवाज, आत ड्रिलची घरघर, आणि सगळीकडे तो वास. पेशंटच्या नोंदी ठेवायचं आमचं सॉफ्टवेअर दाखवायला आम्ही दोघे मित्र गेलो होतो. ते कुणीतरी जगासाठी खुल्या ठेवलेल्या कोडवर उभं होतं, आणि त्या कोडची अट अशी की विकाल तर तुम्ही घातलेली भरही गिऱ्हाइकाच्या हाती द्या. "ते आपणहून बोलू नकोस, समोरचे दवाखानेवाले फुकट उतरवून घेतील," असं मित्राने जिन्यातच बजावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढत विचारलं, "पहले वाले फोनइच नै उठारे. तुम लोगां भी कल गायब हुए तो मेरे पेशंटां का क्या?" मी खिशातला पेनड्राइव्ह काढून टेबलावरच्या दातांच्या प्लास्टर-साच्यांशेजारी ठेवला आणि म्हटलं, सगळा कोड यात आहे, आम्ही नसलो तर दुसरं कुणीही पुढे चालवेल. त्यांनी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "कब से चालू करते?" पुढे मित्राचंही खरं ठरलं. समोरच्या दवाखान्याने बाईंकडून तो पेनड्राइव्ह नेला, आणि आठवडाभरात आम्हालाच फोन केला, "चालू तो होगया, सिखाने का कितना लेते, कब आरें?" आता विक्रीला निघालेल्या नव्या पोरांना तोच मित्र जिन्यात बजावतो, "पेनड्राइव्ह आधी काढा."